खिडकीची झालर शाळेतच शिवावी

वर्गांच्या खिडक्यांना पडदे हवेत, याबद्दल पालकसभेत कुणाचेच दुमत नव्हते. मार्च लागला की दुपारचे ऊन थेट फळ्यावर येते आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना अक्षर दिसत नाही, ही तक्रार जुनी आहे. मतभेद झाला तो झालरीवर. पडदे नागपूरच्या गांधीबागेतून किंवा इतवारीतून तयार आणावेत आणि वरची झालरही त्याच दुकानातून, त्याच कापडाची घ्यावी, म्हणजे सगळे एकसारखे दिसेल, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. माझे मत थोडे वेगळे आहे. पडदे खुशाल विकत आणावेत. झालर मात्र सातवी-आठवीच्या मुलामुलींनी शाळेतच शिवावी, घरच्या जुन्या सुती साड्यांची शिवावी आणि हे काम मराठीतून व्हावे.

एवढ्याशा झालरीसाठी एवढा आग्रह कशाला, असे कुणी म्हणेल. म्हणून आधी हे काम नेमके किती आणि कसे आहे ते पाहू.

झालर म्हणजे खिडकीच्या वरच्या अंगाला दांडीवर चुण्या घालून सोडलेली, दीड वीत उंचीची आडवी पट्टी. तिने दांडी झाकते, पडद्याचे वरचे टोक झाकते आणि खिडकी पुरी झाल्यासारखी दिसते. शिवणकाम शिकणाऱ्या मुलासाठी याहून सोयीची वस्तू शोधून सापडणार नाही. झबल्याला बाही असते, गळा असतो, अंगाचे माप असते. थोडे चुकले की ते अंगात जात नाही. झालरीला सगळ्या शिवणी सरळ. एखादा टाका वाकडा गेलाच तर तो चुणीत लपतो. आणि काम पुरे झाले की ते वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर टांगलेले राहते, वहीसारखे रद्दीत जात नाही.

आता हिशोब. समजा, खिडकी ४ फूट म्हणजे ४८ इंच रुंद आहे. चुण्या चांगल्या पडायच्या तर कापड रुंदीच्या दुप्पट हवे, म्हणजे ९६ इंच. दोन्ही कडांना दुमडायला दोन-दोन इंच धरले की झाले १०० इंच. तयार झालर १४ इंच उंच हवी असेल, तर वर दांडीचा नेफा आणि त्याच्याही वरची उभी कोर यांच्यासाठी कापड मागे वळवायला आणखी ४ इंच लागतील. म्हणजे १८ इंच. खाली साडीचा काठच येत असल्याने तिथे दुमड घालायची गरज नाही. साडी साधारण साडेपाच मीटर लांब, म्हणजे सुमारे २१६ इंच, आणि ४५ इंच रुंद असते. दोन्ही काठांकडून १८-१८ इंचांच्या दोन लांब पट्ट्या काढल्या, तर प्रत्येक पट्टीत दोन खिडक्या बसतात. एका साडीत चार झालरी! मधली ९ इंचांची पट्टी उरते, तिच्यात पडदे बांधायचे बंद होतील. आपल्या सहा वर्गांना प्रत्येकी चार खिडक्या धरल्या, तर २४ झालरींना सहा साड्या पुरतात. वर्गाला एक साडी.

हा हिशोब मी इथे मुद्दाम मांडला. सातवीच्या गणिताच्या पुस्तकात लांबी-रुंदी, गुणोत्तर, एकक बदलणे हे सगळे असते. पण पुस्तकातले उत्तर चुकले तर गुण जातो. इथे हिशोब चुकला तर कापड जाते. कात्री चालवण्यापूर्वी मूल दोनदा मोजते, शेजाऱ्याला मोजायला लावते आणि मग खडूची रेघ मारते. नेफ्याचेच घ्या. दांडी एक इंच जाडीची असेल तर नेफा किती रुंद ठेवायचा? एक इंच, असे बहुतेक मुले चटकन म्हणतील. तेवढ्यात दांडी जाणारच नाही. कारण कापडाला दांडीच्या भोवती फिरायचे असते. दांडीचा परीघ सव्वातीन इंचांच्या जवळपास, त्याच्या निम्मे दीड इंचाहून थोडे जास्त आणि सरकायला मोकळीक धरून दोन इंच. व्यास आणि परीघ यांचे नाते एकदा असे हाताला कळले की ते पुन्हा पाठ करावे लागत नाही.

जुनी सुती साडीच का, यालाही कारण आहे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून ते शिवण्यापूर्वी भिजवून वाळवून घ्यावे लागते. वीस-पंचवीस वेळा धुतलेली साडी आटायची तेवढी आटलेली असते आणि तिचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो. शिवाय ती मऊ पडलेली असल्याने मुलांच्या हातात सुई सहज चालते. सिंथेटिक साडी बोटांतून निसटते आणि इस्त्री जास्त तापली तर वितळते, ती घेऊ नये. साडी उजेडासमोर धरून पाहावी. जिथे विरळ झाली असेल तो भाग सोडावा किंवा आतून अस्तर द्यावे. आणि एक गोष्ट हिशोबात न मावणारी. आपल्या आईची किंवा आजीची साडी वर्गाच्या खिडकीवर आहे, हे त्या मुलाला रोज दिसेल.

पण माझा मुख्य मुद्दा साडीचा नाही, भाषेचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसरची मराठी माणसे जिथे होती तिथेच राहिली, फक्त राज्य बदलले. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. इतकी वर्षे आपण घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असे दोन्ही सांभाळले. हिंदीशी आपले भांडण नाही आणि नसावे. मुलांना हिंदी उत्तम आलीच पाहिजे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी मिळाव्यात, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. तेही १९५६ सालीच घटनेत आले. पण कलमाने पुस्तक मिळते, तोंडात शब्द येत नाही. शब्द कामातून येतात.

शिवणकामातले शब्द तपासून पाहा. झालर, अस्तर, नेफा, कैची ही नामे हिंदीतही आहेत आणि आपल्याकडेही. बाजारात दोन्ही भाषा एकाच दुकानात बसतात, त्यामुळे नामे सामाईक होतात. क्रियापदे मात्र घरची असतात. दोरा ओवणे, काठ दुमडणे, पट्टी टाचणे, चुण्या घालणे, टाका घालणे, चुकलेली शिवण उसवणे. आजी हे सगळे बोलते. आई त्यातले निम्मे बोलते. मुले ‘धागा डाल दो’ म्हणून मोकळी होतात. यात मुलांचा दोष नाही. ज्याने कधी दोरा ओवलाच नाही, त्याला ओवणे हा शब्द कशाला लागेल?

आणि हे शब्द गेले की त्यांच्यासोबत बरेच काही जाते. ‘आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार’ ही म्हण मराठीच्या पेपरात येते. मुले तिचा अर्थ पाठ करून लिहितात आणि गुणही मिळवतात. पण ज्याने एकदा तरी फाटक्या कापडाला ठिगळ लावले आहे, त्यालाच त्या म्हणीतली हतबलता कळते. नाते उसवते, बोलण्याचा धागा सुटतो, दोन गावांच्या लोकांची गाठ पडते. आपल्या भाषेने माणसांच्या गोष्टी सांगायला सुई-दोऱ्याकडून इतके घेतले आहे! ज्या मुलाच्या हाताला सुई लागली नाही, त्याला ही मराठी पाठ करावी लागते. ज्याच्या हाताला लागली, त्याला ती आपोआप समजते. म्हणून मराठी टिकवण्यासाठी आपण निबंधस्पर्धा घेतो, १ मे किंवा २७ फेब्रुवारीला भाषणे ठेवतो, ते सगळे चालू द्यावे, पण त्यासोबत मराठीत करायचे एक हातकाम द्यावे. महिनाभर शनिवारी आजी वर्गात येऊन शिकवते आहे आणि चाळीस मुले तिच्या शब्दांप्रमाणे हात चालवत आहेत, यापेक्षा चांगला मराठीचा तास मला सुचत नाही.

हा विचार नवा नाही आणि दूरचाही नाही. नागपूरच्या पलीकडे वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींनी तिथे नई तालीम मांडली आणि अभ्यासक्रम ठरवायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती बांधलेले, असा तो आराखडा होता. मातृभाषा आणि हातकाम या दोन गोष्टी तिथे जोडीनेच आल्या होत्या, हे आपण विसरतो. त्या वेळी आपला भाग मध्य प्रांतातच होता. पुढे ही योजना का मागे पडली, याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक असे की बऱ्याच शाळांत टकळी हा वेळापत्रकातला एक वेगळा तास होऊन बसला आणि त्या सुताचा गणिताशी, भाषेशी काही संबंध उरला नाही. कार्यानुभवाच्या तासाचेही तेच झाले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडून शिकावे असे सुचवले आहे. म्हणजे दार पुन्हा उघडले आहे. ते दहा दिवस सहलीत घालवायचे की झालरीत, हे आपल्या हाती आहे.

आता मुलग्यांविषयी. सभेत एका पालकांनी हसत विचारले की, आमचा मुलगा काय सुई धरणार? त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण आपल्या बाजारात पॅन्ट-शर्ट शिवणारे टेलर बहुतेक पुरुषच आहेत, हे ते विसरले. पैसे मिळतात तेव्हा शिवणे पुरुषाचे काम होते आणि घरी फुकट करायचे तेव्हा ते बायकांचे, असा हा विचित्र न्याय आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे शिवणकाम शिकवले जाई, कारण विधवा आणि गरजू स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन हवे होते. ते पाऊल मोठेच होते. पुढे मात्र शाळाशाळांतून शिवण म्हणजे मुलींचा विषय असे समीकरण झाले आणि मुलगे त्यातून सुटले. खरे तर ते वंचित राहिले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला शर्टाची गुंडी लावता येत नाही, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

ज्यांना थोर उदाहरण हवे त्यांनी संत नामदेवांकडे पाहावे. नामदेव शिंपी घराण्यातले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांतल्या एका पदात गज, कातर, सुई, दोरा हीच भक्तीची रूपके झाली आहेत. मराठी मुलखातला हा माणूस उत्तरेत पंजाबपर्यंत गेला, तिथल्या लोकांच्या बोलीत गायला आणि मराठीतले त्याचे अभंगही आपल्याजवळ राहिले. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या मुलांना याहून जवळचा आदर्श कोणता देणार?

काही पालकांच्या शंका योग्य आहेत, त्यांना सरळ उत्तरे द्यायला हवीत.

पहिली शंका, अभ्यासाचा वेळ जाईल. चार मुलांना मिळून एक झालर दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ इंच येतात. नेफ्याच्या दोन ओळी आणि इंचाला सहा टाके धरले तर प्रत्येकाचे सुमारे तीनशे टाके होतात. मापे, कापणे, टाचणे, शिवणे आणि टांगणे धरून आठ शनिवार पुरतील. २४ झालरींना ९६ मुले लागतात, म्हणजे सातवी-आठवीतल्या जवळजवळ सगळ्यांना काम मिळेल.

दुसरी शंका, सुई टोचेल. टोचेल, एखाद्या वेळी. सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात, बोटात टोपण घालायला शिकवावे, कापणे शिक्षकांच्या समोर व्हावे. सायकल शिकताना गुडघा फुटतो म्हणून आपण सायकल बंद करत नाही.

तिसरी शंका, झालर धूळ धरते. हे अगदी खरे आहे. म्हणूनच ती खिळ्यांनी ठोकलेली नसावी, नेफ्यातून दांडी काढली की हातात येणारी असावी. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीआधी तिला धुवावे. झालर अडकवताना चौकटीच्या वर चार बोटे अडकवावी, म्हणजे उजेडाची आणि वाऱ्याची वाट अडत नाही. वर्गात सर्वांत आतपर्यंत जाणारा उजेड खिडकीच्या वरच्या भागातून येतो, हे बऱ्याच पेलमेटवाल्यांच्या लक्षात येत नाही.

चौथी शंका, सगळ्या झालरी वेगवेगळ्या दिसतील. दिसू द्याव्यात. एका वर्गावर हिरवा काठ, दुसऱ्यावर जांभळा. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात, तेव्हा प्रत्येकाची झूल वेगळी असते आणि तीच पाहायला आपण जातो. सगळ्या बैलांना एकाच थानातली झूल घातली तर पोळा कसला?

विश्वस्त मंडळींना माझ्या तीन विनंत्या आहेत.

एक, शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणू नये. आपल्याच मुलांच्या आया घराघरांत शिलाई मशीनवर काम करून संसाराला हातभार लावतात. त्यांना बोलवावे, पण फुकट बोलवू नये. योग्य मानधन द्यावे आणि वर्गात त्यांना ‘बाई’ म्हणावे, जसे इतर शिक्षिकांना म्हणतात. ज्या मुलाची आई लोकांचे ब्लाऊज शिवते म्हणून तो वर्गात गप्प असतो, त्याची मान त्या दिवशी ताठ होईल. आजीबाईंनाही बोलवावे. हातशिलाई त्यांच्याकडून आणि मशीन या बायांकडून शिकता येईल.

दोन, सगळे काम शाळेतच व्हावे, पिशवीत घालून घरी जाऊ नये. घरी गेलेल्या प्रोजेक्टचे काय होते, ते आपण सगळे जाणतो. थर्माकोलचा ताजमहाल वडील करतात आणि गुण मुलाला मिळतात. झालर घरी गेली तर दुसऱ्या दिवशी टेलरकडून सुबक होऊन येईल आणि मग या सगळ्या खटाटोपाला काही अर्थ राहणार नाही. वाकडी शिवण मुलाने स्वतः उसवावी आणि स्वतःच पुन्हा घालावी. उसवणे ही शिक्षा समजू नये, शिवणकामाचा निम्मा भाग तोच आहे. याला क्रमांक आणि बक्षिसेही ठेवू नयेत.

तीन, टांगण्याचे कामही मुलांच्या नजरेसमोर व्हावे. भिंतीत ड्रिल गवंड्याने किंवा शिपाईकाकांनी मारावे, स्टुलावर मुलांनी चढू नये. पण दांडीची दोन्ही टोके एका पातळीत आहेत की नाहीत, हे पाण्याच्या नळीने कसे पाहतात आणि भिंत सरळ आहे का, हे ओळंब्याने कसे तपासतात, ते मुलांनी पाहावे. जुन्या भिंतीचा गिलावा भुसभुशीत असेल तर आधी लाकडाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू बसवावा लागतो, नाहीतर महिनाभरात दांडी खाली येते. हेही शिक्षणच आहे.

आपण कपाशीच्या मुलखात राहतो. शेतात बोंड फुटताना मुले पाहतात. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा मोठा कापड कारखाना आहे आणि तिथे काम करणारे पालक आपल्या शाळेतही असतील. बोंड आपले आणि कापडही आपल्याच भागात विणले जाते, मग त्या कापडाला एक टाका घालता येत नाही अशी पिढी आपल्या हातून तयार होऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. घरी जाऊन आजीला विचारा की दोरा ओवताना ती टोक का ओले करते आणि धावदोरा व टीप यांत फरक काय. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून आणा. प्रत्येकाने पाच शब्द आणले तरी वर्गाचा छोटा शब्दकोश होईल, आणि तो पुढच्या अंकात याच पानावर छापता येईल. पालकहो, पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेली एक सुती साडी बाजूला काढून ठेवा. आणि विश्वस्त मंडळींनी पडद्यांची ऑर्डर देताना झालरीची ओळ तेवढी खोडून टाकावी, ही नम्र विनंती.